सॉकेट जुळलं, तरी पडदा काळाच

कर्जत, आषाढ

प्रिय मित्रा,

'भाच्याचा पीसी सुरू झाला का?' हा तुझा मस्कतहून आलेला मेसेज वाचला. झाला रे बाबा! पण कसा झाला ते मेसेजात मावेना, म्हणून हे पत्र. शिवाय पुढच्या पीसीसाठी तू तिकडूनच प्रोसेसर पाठवायचा म्हणतोस, तर त्याआधी हे वाच.

मी खोपोलीला पोचलो तेव्हा पठ्ठ्याने सगळं जोडून ठेवलं होतं. बी४५० चिपसेटचा बोर्ड, त्यावर रायझन ५ ५६००जी. पंखा गरागरा फिरतोय आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. ताई म्हणत होती पैसे पाण्यात गेले, भाचा म्हणत होता रॅम खराब निघाली.

आधी सोप्या गोष्टी पाहिल्या. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर वेगळी असते; ती लावायची राहिली तर पंखे फिरतात, पुढे काही होत नाही. ती ठीक होती. रॅमची एकच पट्टी ठेवून पाहिली. केबल बोर्डाच्याच एचडीएमआयला होती आणि तेही बरोबर, कारण 'जी'वाल्या चिपमध्ये ग्राफिक्स असतं. साध्या ५६०० मध्ये किंवा इंटेलच्या 'एफ' शेपटीच्या प्रोसेसरमध्ये ते नसतं. तिथे वेगळं कार्ड लावलं नाही, तर सगळं ठणठणीत असूनही पडदा काळाच राहतो. शेवटी बोर्डाच्या कडेचे बारीक दिवे बघितले: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला सीपीयूचा दिवा विझायलाच तयार नव्हता. म्हणजे रॅम बिचारी निर्दोष.

खरी गोम तारखांत होती. बी४५० बोर्ड आले २०१८ मध्ये, ५६००जी आला २०२१ मध्ये. दोघांचं सॉकेट एएम४, म्हणून चिप अलगद बसते. पण बोर्डावरच्या जुन्या बायोसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, या प्रोसेसरची ओळखच नाही. सीएसएमटीला फलाट तोच असला तरी लोकल खोपोलीची की कर्जतची हे इंडिकेटर बघूनच आपण चढतो ना? तसंच हे.

काही बोर्डांवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं. प्रोसेसर नसला तरी पेनड्राइव्हवरून नवं बायोस चढतं. या बोर्डावर ते नव्हतं. मग एका कॉम्प्युटर क्लासमधल्या जुन्या मशीनचा रायझन ३ २२००जी उसना आणला. तो काढताना मात्र जीव मुठीत. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपसून येतो. पिना वाकल्या की संपलं. म्हणून मशीन थोडा वेळ चालवून गरम केलं, बंद करून कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवला, मगच उचलला.

आता राहिला विजेचा प्रश्न. बायोस चढत असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा झोपू शकतो. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ पासून मुंबईला वीज पुरवतंय, पण आपल्याकडे पावसाची जोरदार सर आली की आधी लाइट जाते! तेव्हा शेजारचा यूपीएस मागून आणला. बायोस चढलं, जुनी चिप काढून नवी बसवली आणि पडदा उजळला. ताईने लगेच चहा टाकला.

इंटेलची तऱ्हा आणखी न्यारी. २०१५ ची सहावी पिढी आणि २०१७ ची आठवी, दोन्हींचं सॉकेट ११५१. पण आठवीला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर ती बसते, चालत नाही, आणि त्यासाठी कंपनीने बायोस अपडेटही दिलं नाही. पुढे १७०० सॉकेटमध्ये बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या चालतात, पण ६०० मालिकेच्या बोर्डाला शेवटच्या दोन पिढ्यांसाठी नवं बायोस लागतं. शिवाय बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा तेही बघायचं. एएमडीच्या एएम५ वर तर फक्त डीडीआर५.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर प्रत्येक मॉडेलची सीपीयू सपोर्टची यादी असते आणि कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते समोरच लिहिलेलं असतं. 'सॉकेट एकच आहे, चालून जाईल' या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. इथून कॉम्प्युटरच्या दुकानांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठायचा म्हणजे दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. बोर्ड परत करायला पुन्हा तीच वारी.

तेव्हा प्रोसेसर घेण्याआधी भाच्याकडून बोर्डाचं पूर्ण नाव मागव, बोर्डावर छापलेल्या रिव्हिजन नंबरासकट. यादीत तुझा प्रोसेसर दिसला तरच पैसे मोज आणि बोर्डावरच्या बायोसची आवृत्तीही भाच्याकडूनच विचारून घे.

तुझा,
कर्जतचा मित्र