चौथ्या दिवसाची थरथर



हडपसरचा गाडीतळ तुमच्या पायाखालचा आहे. पुण्याचा मुक्काम हलवून दोन्ही पालख्या इथवर येतात. पुढे ज्ञानोबारायांची सासवडकडे वळते, तुकोबारायांची लोणी काळभोरकडे. तिथे औषधांच्या मंडपात मी सेवेला असते. पहिल्या वर्षी मी मानसोपचाराचं शिक्षण घेत होते. पायांचे फोड आणि ताप एवढंच काम असेल, असं वाटलं होतं.

एका काकांना दोघांनी धरून आणलं. हात थरथरत होते, सदरा घामाने भिजलेला, आणि नसलेल्या मुंग्या ते धोतरावरून झटकत होते. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं आहे.

मला आठवल्या डॉ. अनिता अवचट. येरवड्याच्या मनोरुग्णालयातल्या या डॉक्टरांनी अनिल अवचटांच्या साथीने 1986 साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. रुग्णाइतकंच घरच्यांचंही ऐकायचं, ही तिथली रीत. मी काकूंना बाजूला घेतलं.

"ताई, कितीतरी वर्सं रोज प्यायचे. आळंदीला प्रस्थानाच्या दिवशी माळ घातली. तवापासून थेंब नाही."

प्रस्थानाचा दिवस धरून तो चौथा दिवस होता.

माउली, हे नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीविरुद्ध सतत जोर लावून असतो. दारू एकदम तुटली की तो जोर मोकाट सुटतो. काही तासांत थरथर आणि घाम, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास होतात, भान सुटतं. वेळेत उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. दवाखान्यात ठेवून शांत करणारी औषधं देतात आणि ती हळूहळू कमी करतात, ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. त्या अवस्थेत काका दिवे घाट चढणार होते!

108 ची गाडी आली. चढता चढता काकूंनी विचारलं, "औषधात दारू नसती ना? माळ मोडायची."

"नाही काकू. माळ तशीच राहू द्या."

दिंडीचे वीणेकरी मात्र घुटमळले. "माळ घालूनही असं व्हावं? म्हणजे मन पक्कं नव्हतं त्याचं."

मी म्हटलं, "बाबा, मन पक्कं होतं म्हणूनच झालं. कच्चं असतं तर पुण्यातच प्यायले असते, आणि थरथर थांबली असती."

ते काही बोलले नाहीत. काका आठवड्याने घरी गेले. वारी त्या वर्षी राहिली.

पुढच्या वर्षी त्याच दिंडीने मला निघण्याआधीच्या बैठकीत बोलायला बोलावलं. दारूचं सगळ्यांनी माना हलवत ऐकलं. तंबाखू आणि मिश्रीही त्याच घरातल्या, असं म्हटल्यावर दोन-चार चंच्या गुपचूप खिशात गेल्या. (माझ्या आजीची मिश्री मलाही सोडवता आली नव्हती, तेही सांगून टाकलं.)

यंदा ज्येष्ठात वीणेकरी बाबांचा फोन आला. "डॉक्टर, गावातला एक पोरगा माळ घालतो म्हणतोय. रोजची सवय आहे त्याला. आळंदीला न्यायच्या आधी तुमच्याकडे आणू का?"


"उद्याच आणा," म्हटलं.