लीलावती काय म्हणाली?

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ मला फार प्रिय आहे. पण एक रुखरुख राहून जाते. हा ग्रंथ इ. स. ११५० च्या सुमाराचा. आचार्य मोठ्या लाडानं तिला हंसांची, भुंग्यांची गणितं घालतात. पण लीलावती काय म्हणाली, ते कुठंच नाही. एखादं उत्तर तिचंही चुकलं असेल. एखादा ‘पण का?’ तिनंही विचारला असेल.

परळला मी भावी शिक्षकांचा गणिताचा वर्ग घेते. तिथं ही उणीव भरून काढण्याचा उद्योग चालतो. मुलाचं एक चुकलेलं उत्तर घ्यायचं आणि पुढचा संवाद नाटकासारखा लिहायचा. क्लृप्ती माझी नव्हे. कॅनडातल्या रीना झाझकिस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ साली यावर पुस्तकच लिहिलं.

पहिल्या खेपेला सगळ्यांच्या वह्यांतली मुलं विलक्षण शहाणी निघतात. बाई दोन वाक्यं बोलतात न बोलतात तोच, “समजलं, बाई!” असं मूल तुमच्या घरी कुणी पाहिलं आहे का, वाचकहो?

यंदाची चूक अशी: ०.२५ हे ०.३ पेक्षा मोठं, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे! लालबागच्या एका मुलीनं संवाद थेट मसाल्याच्या दुकानात नेला. काट्यावर आधी ०.२५० दिसतं, मग ०.३००. तिच्या बाई विजयी मुद्रेनं विचारतात, “आता मिरची जास्त कुठली?”

“दुसरी. पण बाई, तिनावर दोन शून्यं दिली की तीनशे होतात ना? मग ०.३ ची ०.३०० झाल्यावर मिरची का वाढली नाही?”

इथं तिची लेखणी अडली. आठवडाभर अडली. नियम सांगता आला असता. पण पोरगा नियम मागत नव्हता, कारण मागत होता. अखेर तिनं लिहिलं:

“किलोचे दहा सारखे भाग कर. तीन उचल. त्या प्रत्येकाचे शंभर बारीक भाग कर. किती झाले?”

“तीनशे.”

“आणि मिरची?”

“तेवढीच की!”

वही देताना ती म्हणाली, “मी तो मुलगा झाले नसते, तर हा प्रश्न मला पडलाच नसता.”

शाळेतली खरी मुलं तिच्या वहीबरहुकूम थोडीच बोलणार आहेत! पण चुकीच्या उत्तरापाशी क्षणभर थांबायचं, हे तिला उमगलं आहे. या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसून एखादं पोर हिशेब चुकलं, तर आपणही लगेच खोडून काढू नये. “का रे असं?” एवढंच विचारावं. उत्तर बहुधा ऐकण्याजोगं असतं.