वखारीतली ऊब

प्रा. सुभाष जोशी यांचे नाव निपाणीत दोन जागांशी जोडलेले आहे. एक तंबाखूची वखार, दुसरा पुणे-बंगळूर महामार्ग. वखारीत काम करणाऱ्या बाया त्यांच्या नेतृत्वाखाली संघटित झाल्या आणि महामार्गावर तंबाखू पिकवणारा शेतकरी येऊन बसला. जोशी अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात प्राध्यापक होते. हे महाविद्यालय निपाणीला खेटून उभे असले तरी कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते. निपाणी मात्र कर्नाटकात. शिकवायचे एका राज्यात आणि चळवळ करायची दुसऱ्या राज्यात, असे त्यांचे आयुष्य गेले.

ही हद्द १ नोव्हेंबर १९५६ ला पडली. बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणीही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. घरात, बाजारात, वखारीत मराठी आणि सरकारदरबारी कन्नड, असा संसार सुरू झाला. सीमाप्रश्नाने या भागाला सभा, सत्याग्रह आणि तुरुंग यांची ओळख करून दिली. पण तंबाखू चाळणाऱ्या बाईचा दिवस कोणत्याही राज्यात तोच राहिला असता. तिच्या दुःखाला स्वतंत्र आवाज हवा होता.

निपाणीच्या काळ्या मातीत बिडीची तंबाखू पिकते. शेतातून वाळून आलेला माल व्यापाऱ्याच्या वखारीत जातो. तिथे तो कुटायचा, चाळायचा, काड्या वेगळ्या करायच्या, प्रतवारी लावायची आणि मग पोती भरायची. यातले बहुतेक काम बायांचे. कोंदट जागा, हवेत तरंगणारी तंबाखूची धूळ, डोळ्यांची आग, सततचा ठसका आणि खोकला. नव्याने कामाला आलेल्या बाईला पहिल्या दिवसांत चक्कर यायची, उलट्या व्हायच्या. पुढे अंगाला सवय व्हायची आणि सवयीबरोबर आजारही घर करायचा. कामाचे तास मालकाच्या मर्जीवर, मजुरी तुटपुंजी, नोकरीचा कागद कुठेच नाही. एखादी उलटून बोलली तर दुसऱ्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवणे सोपे होते. बाई म्हणून सोसावा लागणारा अपमान तर घरीही सांगता येत नसे.

कायदा नव्हता असे नाही. बिडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा केंद्रीय कायदा १९६६ सालीच झाला होता. कामाच्या तासांची मर्यादा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, पाळणाघर हे सारे त्यात लिहिलेले होते. पण कागदावरचा हक्क वखारीच्या आत नेण्यासाठी कोणीतरी तो वाचून दाखवावा लागतो आणि ऐकणाऱ्यांना एकमेकींचा भरवसा वाटावा लागतो. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. त्यातून चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला. १९८० च्या आसपास निपाणीच्या रस्त्यांवर तंबाखू कामगार बायांचे मोर्चे निघू लागले. किमान वेतन, ठरलेले तास, बोनस आणि माणसासारखी वागणूक या त्यांच्या मागण्या होत्या. आदल्या दिवसापर्यंत मुकादमासमोर मान वर न करणाऱ्या बाया मालकाशी वाटाघाटी करायला बसल्या. मजुरी वाढली, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्याला कामावरून सहज हाकलता येणार नाही, हे त्यांना कळले.

महासंघाचे काम वखारीपुरते राहिले नाही. निपाणीच्या गल्लीबोळांत घराच्या उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन बिडी वळणाऱ्या बाया आहेत. हजार बिड्यांवर त्यांची मजुरी ठरते आणि वळलेल्या बिड्यांतून ‘छाट’ म्हणजे नापास बिड्या काढल्या की तेवढी मजुरी बुडते. घरोघर विखुरलेल्या या बायांना जोडणे वखारीपेक्षा अवघड होते, कारण त्यांचा मालक त्यांना दिसतच नव्हता. तसाच प्रश्न देवदासींचा. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला मुली सोडण्याची रूढी या पट्ट्यात खोलवर रुजलेली होती आणि तंबाखूच्या कामातही अशा बाया होत्या. देवदासी प्रथाबंदीचा कर्नाटकचा कायदा १९८२ सालचा. पण कायद्याने देवदासीपणाचे मोती गळ्यातून काढले तरी पोटाचा आणि पोरांच्या नावाचा प्रश्न उरतोच. निपाणीच्या चळवळीने या बायांना कामगार म्हणून आणि माणूस म्हणून आपल्यात घेतले. ज्या गावात १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली होती, त्या गावाला हे शोभणारेच होते.

वाळलेली तंबाखू रचून, दाबून ठेवली की ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता धरते. बाहेरून हात लावला तर काही कळत नाही. आत मात्र पान बदलत असते. याच उबेवरून ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हे नाव घेऊन दीपा धनराज आणि त्यांच्या ‘युगांतर’ गटाने १९८२ मध्ये निपाणीच्या या कामगार बायांवर माहितीपट केला. अनिल अवचट यांनी निपाणीत येऊन, वखारी पाहून या बायांबद्दल मराठीत लिहिले. छाया दातार यांनी त्यांच्या संघटनेचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. सीमेवरच्या एका तालुक्यातली हकिकत अशी देशाच्या स्त्रीचळवळीत जाऊन पोचली.

वखारीला दोन बाजू असतात. आत मजूर बाई, बाहेर माल घेऊन उभा राहिलेला शेतकरी. शेतकऱ्याचा भाव आणि बाईची मजुरी, दोन्ही व्यापाऱ्याच्याच हातात. जोशींचे वेगळेपण असे की कामगारांचे पुढारी असूनही ते शेतकऱ्याला परके मानत नव्हते. त्यांच्या पुढाकाराने शेतकरी संघटनेचे शरद जोशी निपाणीत आले आणि तंबाखूच्या भावाचे आंदोलन उभे राहिले. १४ मार्च १९८१ रोजी हजारो शेतकरी महामार्गावर येऊन बसले. रस्त्यावरच वस्ती झाली, तिला ‘आंदोलननगर’ हे नाव पडले. शेतकऱ्याला भाव मिळाला तर आपल्या मजुरीचे काय, असा प्रश्न कामगार बायांना पडू शकला असता. तरीही त्यांचा पाठिंबा आंदोलनाला मिळाला. २४ दिवस रस्ता अडून राहिला. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलननगर उठवले, गोळीबार केला आणि त्यात दहाहून अधिक शेतकरी मारले गेले. तेव्हा कर्नाटकात गुंडूराव यांचे सरकार होते. देशातल्या शेतकरी आंदोलनांच्या इतिहासात निपाणीचे नाव रक्ताने लिहिले गेले, ते या दिवशी.

पुढे सुभाष जोशी निपाणीतून कर्नाटक विधानसभेवर निवडून गेले. वखारीच्या दाराशी सुरू झालेली वाट बंगळूरच्या सभागृहापर्यंत पोचली. दरम्यान काळही बदलला. पाणी आले तशी शिवारे उसाकडे वळली आणि तंबाखूचे पूर्वीचे राज्य ओसरले. तंबाखू माणसाचे किती नुकसान करते, हेही आज सर्वांना ठाऊक आहे. ते नुकसान सर्वांत आधी सोसले, ते ती चाळणाऱ्या बायांनी. आणि धंदा आटला की सर्वांत आधी रिकामे होतात तेही त्यांचेच हात. पर्यायी कामाचा प्रश्न म्हणूनच त्यांच्या लढ्याचा पुढचा भाग ठरतो.

पुढारी ठिणगी टाकतो, असे म्हणण्याची पद्धत आहे. निपाणीत ऊब आधीच होती. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेल्या आयुष्यांतच ती धरलेली होती. हात घालून ती ओळखणारा एक प्राध्यापक त्या बायांना भेटला आणि शेतकरी व मजूर यांना एकाच बाजूला उभे करण्याचे अवघड काम त्याने केले. सुभाष जोशी यांचे मोठेपण याच कामात आहे.