पाणी जोखताना

बेचव गोष्टीला आपण पाणचट म्हणतो आणि तेजस्वी माणसाला पाणीदार. कुणाची खरी कुवत पाहायची असेल तर त्याचं पाणी जोखतो. एकाच पदार्थाबद्दल भाषेनं दिलेल्या या दोन निकालांत रसायनशास्त्र दुसऱ्याच्या बाजूनं उभं राहतं. रंग नाही, वास नाही, चव नाही, म्हणून पाण्याला स्वभावच नाही, असं शाळेच्या पहिल्या धड्यापासून मनात बसतं. प्रत्यक्षात इतक्या ठाम स्वभावाचा दुसरा पदार्थ आपल्या आयुष्यात क्वचितच येतो.

हायड्रोजन सल्फाइड हा पाण्याचा चुलतभाऊ. ऑक्सिजनच्या जागी त्याच कुळातलं गंधक, रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. हलक्या पाण्यानं त्याच्याही आधी उडून जायला हवं होतं; ते १०० अंशांपर्यंत तग धरतं. याचं कारण रेणूंची एकमेकांवरची पकड. एका रेणूतला किंचित धनभारित हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या हायड्रोजन बंधाची ताकद रेणूच्या आतल्या बंधाच्या जेमतेम विसाव्या हिश्शाएवढी. तो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास टिकतो, तुटतो आणि लगेच दुसरीकडे जुळतो. कुणी म्हणेल, असे बंध अमोनियातही असतात, हायड्रोजन फ्लोराइडमध्येही असतात. खरं आहे. पण अमोनियाकडे हायड्रोजन तीन आणि इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी एकच. हायड्रोजन फ्लोराइडकडे मोकळ्या जोड्या तीन आणि हायड्रोजन एकच. पाण्याकडे दोन्ही दोन-दोन. त्यामुळे त्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना धरू शकतो आणि चहूबाजूंनी जाळं विणलं जातं. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो, हायड्रोजन फ्लोराइड साधारण २० अंशांना.

हे जाळं जन्मापासून आपल्या सोबतीला असतं. नवजात बाळाच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं. म्हातारपणी हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. जाळं सैल करायला खूप उष्णता लागते, म्हणून पाणी उशिरा तापतं, उशिरा निवतं. समुद्राकाठची मुंबई मे महिन्यात नागपूरसारखी भाजत नाही ती यामुळेच. आणि एखादा रेणू जाळ्यातून पुरता सुटायचा तर तो भोवतालची उष्णता घेऊनच जातो. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, अंगावरच्या घामाला त्याहून थोड्या जास्तच. तापलेल्या लेकराच्या कपाळावरची ओली पट्टी आणि उन्हाळ्यातला माठ, दोन्हींचं काम यावरच चालतं.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जीवसृष्टी पाण्यात घडली, पाण्याशी जुळवून घेत गेली. मग पाणी आपल्याला सोयीचं वाटलं तर त्यात पाण्याचं कौतुक कसलं? घामाच्या ग्रंथींपुरतं हे मान्य करावंच लागेल. पण बर्फ तरंगतो तो कुणाशी जुळवून घ्यायला नव्हे. गोठताना जाळं ताठ आणि पोकळ होतं, आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. सर्वांत जड पाणी असतं ते ४ अंशांचं. म्हणून थंडीत काश्मीरचं दल सरोवर वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. मासे नसते तरी ते वरूनच गोठलं असतं.

मात्र हाच स्वभाव आपल्यावर उलटतोही. ज्या विद्युतभारामुळे रेणू एकमेकांना धरतात, त्याच भारामुळे ते खडकातले क्षार सुटे करून आपल्यात सामावून घेतात, आणि तरीही पाणी नितळच दिसतं. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड असं विरघळलेलं आहे. ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, की लहानपणी घडत असलेल्या दातांवर डाग उमटतात. प्रमाण फार असेल तर पुढे हाडं आणि सांधे आखडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. तेव्हा बोअरचं पाणी घरात पिण्यासाठी येत असेल, तर त्याच्या नितळपणावर विसंबू नका. एक बाटली भरून प्रयोगशाळेत द्या.