पाचपैकी दोन

संपादकांनी विषय एका ओळीत कळवला: 'काम, करिअर आणि सकारात्मक दृष्टिकोन, वाचकांना उभारी येईल असं लिहा.' गेली 26 वर्षं मी औद्योगिक मानसशास्त्रज्ञ म्हणून चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांत जाते, कामगारांच्या मुलाखती घेते, कार्यशाळा घेते. विषय माझा आहे, आणि मला तो मनापासून प्रिय आहे. पण लिहायला बसले की एक जुना कागद आठवतो. तो बाजूला ठेवून मला या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही.

तो कागद ज्या कारखान्यातला, तो पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणारा. व्यवस्थापनाला कामगारांचा 'अ‍ॅटिट्यूड' तपासून हवा होता. प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलायचं, सहा रकाने भरायचे, प्रत्येक रकान्यात पाचपैकी गुण द्यायचे. पन्नाशीचे एक ऑपरेटर काका आले. खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले, "मॅडम, आमची कोपऱ्यातली प्रेस डबल मारते. तीनदा सांगून झालं. कुणी बघत नाही."

हे थोडं समजावून सांगायला हवं. पॉवर प्रेसमध्ये एक डाय खाली असतो, एक वर. मध्ये पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचे आणि दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की वरचा डाय एकदाच खाली येतो. दोन्ही हात बटणांवर अडकलेले असावेत, म्हणजे ते डायमध्ये जाणार नाहीत, यासाठीच बटणं दोन. पण क्लच किंवा ब्रेक झिजला, तर एकदा बटण दाबूनही प्रेस आपोआप दुसरा ठोका मारू शकते, आणि तोवर ऑपरेटरचा हात तयार भाग उचलायला आत गेलेला असतो. 'डबल मारते' म्हणजे हे. शिवाय टार्गेट गाठायला काही ठिकाणी एक बटण पट्टी लावून कायमचं दाबून ठेवतात, म्हणजे एक हात मोकळा राहतो.

काका हे सगळं सांगत होते आणि मी लिहीत होते. 'सकारात्मकता' या रकान्यात मी लिहिलं: दोन. शेरा: 'तक्रारखोर, बदलाला विरोध.'

चार महिन्यांनी त्याच प्रेसवर एका ट्रेनी मुलाची उजव्या हाताची दोन बोटं गेली. मला ते दुसऱ्या कामासाठी गेले तेव्हा कळलं. काका भेटले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर लिहून घेतलं होतं." मी समोर बसून पेन चालवत होते, तेव्हा आपलं म्हणणं कागदावर उतरतंय असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना काय लिहिलं होतं ते सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग शिफ्टची वेळ झाली म्हणून गेले.

आमच्या शास्त्रात ज्याला अभिवृत्ती म्हणतात ती नेहमी *कशाबद्दल तरी* असते. तिच्यात विचार, भावना आणि वागणं असे तीन पदर असतात. नुसता 'पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड' हा शब्दप्रयोग म्हणजे कर्म नसलेलं सकर्मक क्रियापद. काकांची साहेबांबद्दलची अभिवृत्ती वाईट होती. कामाबद्दलची, ट्रेनी मुलांच्या हातांबद्दलची, आख्ख्या शॉपमध्ये सगळ्यात चांगली होती. मी पहिली मोजली आणि दुसरीच्या नावाखाली लिहिली. लोकांना वाटतं, सकारात्मक म्हणजे हसतमुख, होकार देणारा, 'प्रॉब्लेम नाही सर' म्हणणारा. हा समज पसरवण्यात आमच्या पेशाचा मोठा वाटा आहे, आणि मला त्याची चीड येते.

आमच्या पेशाने मिरवलेल्या एका आकड्याचंच पाहा. 2005 साली 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात बार्बरा फ्रेडरिक्सन आणि मार्शल लोसाडा यांचा निबंध आला. माणसं बहरायची असतील तर नकारात्मक भावनांच्या निदान 2.9013 पट सकारात्मक भावना हव्यात, असं त्यात होतं. दशांश चिन्हानंतर चार आकडे! वरची मर्यादाही दिली होती: 11.6346. हे गणित आलं कुठून? एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने 1963 साली, खालून तापणाऱ्या द्रवाचं अभिसरण समजून घेण्यासाठी तीन समीकरणं मांडली होती. तीच उचलून बैठकीतल्या माणसांच्या बोलण्याला लावली. त्या समीकरणांतले स्थिरांक द्रवाच्या अभ्यासासाठी निवडलेले. ते बदलले की 2.9013 हा आकडाही बदलतो. माणसाच्या मनाचा त्यात कुठेच पत्ता नाही. मीसुद्धा कार्यशाळांमध्ये फळ्यावर 'तीनास एक' लिहीत असे, आणि मॅनेजर लोक ते वहीत उतरवून घेत.

2013 साली निक ब्राउन, भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांनी त्याच नियतकालिकात हे गणित मोडून काढलं. यातले ब्राउन तेव्हा ईस्ट लंडन विद्यापीठात अर्धवेळ एम.ए. करणारे, वयाने प्रौढ विद्यार्थी होते. गणिताचा भाग औपचारिकपणे मागे घेतला गेला. सकारात्मक भावना जास्त असणं उपकारक असतं, हे मत फ्रेडरिक्सन यांनी सोडलं नाही, आणि त्यात तथ्य असेलही. पण एका विद्यार्थ्याने समीकरण उलगडून पाहीपर्यंत आम्ही आठ वर्षं तो आकडा मिरवला. काकांना मी दिलेला दोनाचा आकडा त्याच जातीचा होता.

उलट ज्या अभ्यासाने मला सावरलं तो एमी एडमंडसन यांचा. रुग्णालयांतल्या परिचारिकांचे गट आणि औषधं देण्यातल्या चुका यांचा संबंध त्या शोधत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी आढळतील अशी अपेक्षा होती. आकडे उलटे आले. 1996 साली छापलेल्या त्या निबंधातलं स्पष्टीकरण असं, की चांगल्या गटांत चुका अधिक होत नव्हत्या, त्या अधिक सांगितल्या जात होत्या. तिथे बोलायची भीती नव्हती. मी हे वाचलं आणि कितीतरी कारखान्यांतले 'शून्य तक्रारी'चे फलक डोळ्यांपुढे आले.

करिअरची सुरुवात करणाऱ्या तरुणांना मला मनापासून सांगायचंय, की कामावर प्रेम करता येतं. एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन यांनी 2001 साली मांडलं, की अमेरिकेतल्या एका रुग्णालयात सफाईचं तेच काम करणाऱ्यांपैकी काही जण रुग्णांशी बोलत, परिचारिकांच्या वेळा सांभाळून आपलं काम बसवत, आणि स्वतःला शुश्रूषेचा भाग मानत. पगार तोच, हुद्दा तोच. अशी माणसं मी इथेही पाहिली आहेत: डाय पुसून, तेल देऊन मगच घरी जाणारी. मात्र अशीच माणसं सगळ्यांत आधी कुरकुरतात, कारण बिघडलेलं त्यांना बघवत नाही.

माझ्या फॉर्ममध्ये आता 'सकारात्मकता' हा रकाना नाही. त्याऐवजी एक मोठी मोकळी चौकट आहे: 'कामात काय बिघडलं आहे?' उत्तर मी कामगाराच्या शब्दांत लिहिते आणि त्यालाच वाचून दाखवते. गेल्या महिन्यात एका कंपनीने अहवाल परत पाठवला. ती चौकट काढा, तो विषय सेफ्टी विभागाचा आहे, असं कळवलं. मी अहवाल चौकटीसकट पुन्हा पाठवला. त्यात एका मुलाचं वाक्य आहे, मशीनच्या नंबरासह. अजून उत्तर आलेलं नाही. दिवाळीनंतर मी स्वतः त्या मशीनपाशी जाऊन उभी राहणार आहे.