पुणे, मग थोडी जागा, मग दोन टिंबं

रात्री साडेअकराला मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. घरात निजानीज झालेली, बाहेर नगर-सोलापूर रस्त्यावर ट्रकांची घरघर, आणि लॅपटॉपवर माझे तीनशे बारा संदर्भ एका झटक्यात सरळ झालेले! कुणाला तरी उठवावं आणि दाखवावं, असं झालं होतं मला.

माझा प्रबंध आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याशी नातं असलेल्या आत्मकथनांवर आहे. नगर-राहुरीत संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, अकोले तालुक्यातल्या दया पवारांचं ‘बलुतं’, अशी सगळी मंडळी. मिरजगावात दिवसभर शाळा, रात्री प्रबंध. संदर्भसूची मी हातानंच टाइप करत होते आणि दर ओळीत एकाच ठिकाणी अडत होते. प्रकाशनाचं गाव आणि प्रकाशक यांच्या मधला अपूर्णविराम.

जरा डोळ्यांजवळ धरून बघा: ‘पुणे:’. ही दोन टिंबं ‘णे’ला चिकटली की वाचणारा ‘पुणेः’ वाचतो. स्वतः, दुःख, अंतःकरण यांतला विसर्ग आणि हा अपूर्णविराम देवनागरीत जुळे भाऊ दिसतात. रोमन लिपीत ही अडचणच नाही. तिथे दोन टिंबं अक्षराला चिकटली तरी त्यांचा दुसरा अर्थ निघत नाही. म्हणून तर आपल्याकडची नेटकी छापलेली पुस्तकं उघडलीत की दिसतं, गावाचं नाव, मग थोडी मोकळी जागा, मग टिंबं: ‘मुंबई : ग्रंथाली, १९७८’. खिळे जुळवणाऱ्या माणसानं ती जागा विचार करून सोडलेली असते. मी इतकी वर्षं मराठी शिकवते, ही पुस्तकं हाताळते, आणि ती जागा मला कधी दिसलीच नव्हती. आता प्रत्येक पानावर दिसते!

बरं, स्पेसबारनं ती जागा सोडावी तर दुसरंच दुखणं. ओळ संपत आली की ‘पुणे’ वरच्या ओळीत राहतं आणि टिंबं खालच्या ओळीच्या तोंडाशी एकटी येऊन पडतात. मार्गदर्शकांनी अशा सगळ्या जागा पेन्सिलीनं गोल करून दिल्या होत्या.

मग माझ्यासारखंच प्रबंध लिहिणाऱ्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं, “अगं, झोटेरो घे ना. फुकट आहे.” झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांनी आणलं. पुस्तकाचं नाव, लेखक, गाव, प्रकाशक, साल हे वेगवेगळ्या रकान्यांत एकदाच भरायचं; विरामचिन्हं आपण टाइपच करायची नाहीत. ती शैलीच्या, म्हणजे नोंद कशी मांडायची ते सांगणाऱ्या, फाइलमधून येतात. अशा दहा हजारांहून जास्त शैली मोफत मिळतात. मी शिकागो शैली घेतली आणि सूची पाहिली, तर टिंबं पुन्हा अक्षराला चिकटलेली. इंग्रजीच्या सवयीनं बनलेली शैली, ती दुसरं काय करणार?

पण ती फाइल उघडता येते! झोटेरोच्या आतच शैली-संपादक आहे. दोन तास शोधल्यावर ती ओळ सापडली. गाव आणि प्रकाशक यांच्या मधे काय ठेवायचं ते तिथे लिहिलेलं: अपूर्णविराम आणि एक जागा. त्याच्या आधी मी अजून एक जागा घातली, पण साधी नाही, न तुटणारी. युनिकोडमधला तिचा क्रमांक १६०. दिसते साध्या जागेसारखीच, पण दोन्हीकडच्या अक्षरांना ओळीच्या टोकाला फुटू देत नाही. (वर्डमध्ये हातानं हवी असेल तर कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेसबार दाबा.) मूळ फाइलला धक्का नको म्हणून नवीन नावानं जतन केली, वर्डमध्ये ती शैली निवडली, रिफ्रेश दाबलं. पापणी लवायच्या आत सगळे तीनशे बारा! ओळीच्या तोंडाशी एकही टिंब नाही. ‘पुणे’ खाली उतरलं तर आपली टिंबं हाताला धरून उतरतं.

ही न तुटणारी जागा फ्रेंच लोक रोज वापरतात. त्यांच्या छपाईत अपूर्णविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह या सगळ्यांच्या आधी जागा असते आणि ती तुटलेली चालत नाही. त्यांच्यासाठी केलेली सोय आमच्या विसर्गाच्या गोंधळावर इतकी चपखल बसावी!

आणखी एक गंमत. कोल्हारला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, जन्मलेल्या गोविंद पानसऱ्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ माझ्या सूचीत आहे. शीर्षकानंतर पूर्णविराम द्यायचा असा शैलीचा नियम, आणि शीर्षक तर प्रश्नचिन्हानं संपतं. मला वाटलं, आता दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी येणार. नाही आली! प्रश्नचिन्ह पाहून पूर्णविराम आपणहून गळला. चिन्हांच्या कुठल्या जोडीत काय ठेवायचं, काय गाळायचं, याचा तक्ताच आत बसवलेला आहे. हे काम फ्रँक बेनेट या जपानमधल्या नागोया विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी केलं. कुठे नागोया, कुठे मिरजगाव!

तेव्हापासून माझं डोकं या जागांपाशीच फिरतंय. जुन्या पोथ्यांत शब्दाला शब्द लागून. मोडीत तर आधी आख्खी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायची, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. इंग्रजी वळणाची विरामचिन्हं मराठीत रुळवली मेजर कँडींनी; त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० ची. म्हणजे हा अपूर्णविराम आपल्या विसर्गाशेजारी येऊन बसल्याला अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

सकाळी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात सूचीची प्रत काढली आणि तिथेच उभी राहून बोट फिरवत सगळी पानं पाहिली. शीर्षकाच्या पोटातली टिंबं मात्र राहिलीत. मुख्य शीर्षक आणि उपशीर्षक यांच्या मधली ती टिंबं मी नोंदीत जशी टाइप केली तशीच छापली जातात, शैली त्यांना हात लावत नाही. अशा सत्तेचाळीस नोंदी निघाल्या. आज रात्री बसते. शैलीची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवलीय. मैत्रिणीला पाठवायचीय, आणि मराठीत प्रबंध लिहिणारं कुणीही मागितली तर लगेच देईन.