कणांची गुंफण आणि आमची मुले

इतिहास शिकविण्यात आमची हयात गेली. तरीही या स्मरणिकेसाठी आम्ही पदार्थविज्ञानाचा विषय घेतला आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने सुमारे ६,००३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. तेव्हापासून वसतिगृहातील मुले ‘क्वांटम म्हणजे काय?’ असे विचारू लागली आहेत.

आम्हांस उमगले ते असे. अनेक कण परस्परांत गुंफले गेले, की समूहाची स्थिती निश्चित असूनही त्यातील एकट्या कणाची स्थिती अनिश्चित राहते. या गुंफणीस ‘एन्टँगलमेंट’ म्हणतात. तिचा हिशेब भराभर वाढतो. प्रत्येकी दोन स्थिती असलेल्या दहा कणांसाठी १,०२४ आकडे लागतात, विसांसाठी दहा लाखांहून अधिक आणि पन्नासांसाठी सुमारे अकरा कोटी कोटी. तेथे मोठमोठे संगणकही थकतात. निसर्ग क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याची प्रतिकृतीही त्याच नियमांच्या यंत्रावर करावी, असा मार्ग रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ साली सुचविला. अशा यंत्रास क्वांटम सिम्युलेटर म्हणतात. २०१५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अतिथंड रुबिडियम अणूंच्या छोट्या समूहाच्या दोन सारख्या प्रती तयार केल्या, त्या एकमेकींशी पडताळल्या आणि ही गुंफण मोजली. अवघ्या समूहापेक्षा त्याच्या भागातच अनिश्चितता अधिक आढळली.

असे संशोधन आपल्या शेजारीही चालते. पुण्यात पाषाण येथील ‘आयसर’ संस्थेत लेझरने थंड केलेल्या अणूंवर काम होते, टी. एस. महेश यांचा गट चुंबकीय क्षेत्रातील अणुकेंद्रकांचा सिम्युलेटर म्हणून उपयोग करतो.

हे सारे प्राचीन ग्रंथांत होतेच, असे काही जण म्हणतात. आपल्यातीलही काही बांधव प्रतीत्यसमुत्पादाचा दाखला देतात. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस ते मान्य नाही. साम्य दिसले म्हणजे पुरावा मिळाला असे होत नाही. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तो निकष आपल्या धम्मालाही लावला पाहिजे. कणांची गुंफण प्रयोगशाळेत मोजली गेली, म्हणून ती खरी.

अहिल्यानगरहून पाषाण काही तासांच्या अंतरावर आहे. बारावी विज्ञाननंतर प्रवेश परीक्षा देऊन तेथे जाता येते. म्हणून पालकांना आमची एकच विनंती आहे: ज्या मुलामुलींना गणिताची गोडी आहे, त्यांना दहावीनंतर ते सोडावयास लावू नका.